'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ची चांगली प्रिंट घरी बघितली का? सोलापूरकरांनी मतं मांडा

उभाआडवा

जॉर्ज रोमेरोचा 1968 सालचा हा कृष्णधवल भयपट (मेलेली माणसं उठून हल्ला करतात आणि काही जण एका घरात अडकतात, ती गोष्ट) आपल्यातल्या बऱ्याच जणांनी यूट्यूबवर किंवा पेनड्राइव्हवरून बघितलेला आहे. आणि बहुतेकांचं मत ठरलेलं: जुना आहे, स्वस्तातला आहे, अंधारात काही दिसत नाही. गेल्या शनिवारी जुळे सोलापुरात मित्राच्या हॉलमध्ये आम्ही काही जणांनी क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क-कंपनीची 4के, म्हणजे फार बारीक तपशील दाखवणारी, डिस्क लावली. आता हे मत बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा काढतोय.

सुरुवातीचा स्मशानाचा प्रसंग घ्या. भाऊ-बहीण वडिलांच्या थडग्यावर फुलं ठेवायला आलेत, भाऊ कुरकुर करतोय, बहीण ऐकून घेतेय. त्यांच्या मागे लांबवर, थडग्यांच्या रांगांमधून एक माणूस चाललेला असतो. यूट्यूबच्या कॉपीत तो एक काळा ठिपका. मला तर तो पूर्वी दिसलाही नव्हता. डिस्कवर त्याचा सूट दिसतो, झुकलेली मान दिसते, आणि पाऊल कुठेतरी चुकतंय हे कळतं. हे दोघं गप्पा मारतायत, तो सावकाश जवळ येतोय, आणि कॅमेरा त्याच्याकडे मुद्दाम लक्ष वेधत नाही. रोमेरोनं भीती तिथेच पेरून ठेवलीय. खराब कॉपीत हे पेरलेलंच दिसत नाही, मग पुढचा हल्ला एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो आणि आपण म्हणतो, कच्चं काम.

दुसरी जागा म्हणजे घरात अडकलेला नायक बेन घराच्या खिडक्या-दारं फळ्यांनी बंद करतो तो सगळा भाग. टेबलाचे पाय उपटतो, दारं बिजागऱ्यांतून काढतो, इस्त्रीची फळीसुद्धा सोडत नाही. लाकडाचे रेषे दिसतात, वाकडे गेलेले खिळे दिसतात, कपाळावरचा घाम दिसतो. घर किती तकलादू आहे हे संवादातून सांगावंच लागत नाही.

सिनेमा कमी पैशांत झाला हे खरंच आहे. सुमारे 1 लाख 14 हजार डॉलर, त्या काळच्या अमेरिकेतही फार थोडे. पण आपण इतकी वर्षं ज्याला सिनेमाची गरिबी समजत होतो, ती पुष्कळशी कॉपीची गरिबी होती. तुम्ही कुठली कॉपी बघितली, कशावर बघितली, काय वाटलं, ते लिहा.

शेवट फोडायचा असेल तर आधी तशी सूचना टाका, ही विनंती.

बाळीवेस

भावा, तुझं पटतंय, पण सिनेमा फुकटात हाय की बे. चोरून नाही, कायद्यानं फुकट. मग परदेशातनं डिस्क मागवायची, कस्टम भरायचं, वर वेगळा प्लेअर घ्यायचा, एवढं कोण करणार? मी परवाच बघितलो, आता पण हे लिहीत लिहीत पहिली वीस मिनिटं पुन्हा बघूलालो. मला भीती वाटली. मोबाइलवर बघून पण वाटली. म्हणजे सिनेमात दम हाय, प्रिंटमध्ये नाही.

प्रिंटशोधक

मूळचा दमाणीनगरचा, सध्या पुण्यात. डिस्क जमवण्याचा नाद आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बाळीवेस म्हणतात ते बरोबर आहे, हा सिनेमा अमेरिकेत कोणाच्याच मालकीचा नाही. चित्रीकरणानंतर त्याचं नाव होतं 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. वितरक वॉल्टर रीड कंपनीनं नाव बदललं आणि शीर्षकाची पाटी नवी केली. जुन्या पाटीवर स्वामित्वहक्काची ओळ होती, नव्या पाटीवर ती टाकायची राहिली. 1909 च्या अमेरिकी कायद्यानुसार प्रकाशित प्रतीवर ती ओळ असणं सक्तीचं होतं. ओळ नाही, म्हणजे हक्क नाही. ही सक्ती तिकडे 1989 च्या मार्चमध्ये गेली. तोवर या सिनेमाच्या किती कॅसेट आणि नंतर किती डीव्हीडी कोणीकोणी काढल्या याला हिशेब राहिला नव्हता.

गोम इथेच आहे. ज्याच्या हाती जी प्रिंट लागली त्यानं तिच्यावरून कॅसेट काढली, दुसऱ्यानं त्या कॅसेटवरून, तिसऱ्यानं त्यावरून. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं जशी फुटत जातात तसंच. कृष्णधवल फिल्ममध्ये सगळी गंमत मधल्या करड्या छटांत असते आणि प्रत्येक कॉपीत आधी त्याच मरतात. उरतो नुसता पांढरा आणि काळा. त्यावर इंटरनेटचं कॉम्प्रेशन आलं की अंधाराचे चौकोनी ठोकळे होतात. काही आवृत्त्यांत तर वरचा-खालचा भाग छाटून चित्र रुंद केलंय, त्यामुळे डोकी कापली जातात. मूळ चौकट जवळजवळ चौरस, 1.37 ला 1.

न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि द फिल्म फाउंडेशन यांनी मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून 4के पुनरुज्जीवन केलं, ते 2016 मध्ये पहिल्यांदा दाखवलं गेलं. रोमेरो, सहलेखक जॉन रुसो, निर्माता रसेल स्ट्राइनर आणि ध्वनीचं काम केलेला गॅरी स्ट्राइनर, सगळ्यांची त्यावर देखरेख होती. क्रायटेरियननं ते फेब्रुवारी 2018 मध्ये ब्लू-रेवर काढलं. दुर्दैवानं रोमेरो जुलै 2017 मध्येच गेला. 4के डिस्क ऑक्टोबर 2022 ची.

विकत घेणाऱ्यांसाठी: ब्लू-रे डिस्क कुठल्या देशांत चालावी याचे विभाग (रीजन) असतात. क्रायटेरियनची अमेरिकी ब्लू-रे रीजन ए आहे, भारत रीजन सीमध्ये येतो, त्यामुळे आपल्याकडच्या साध्या ब्लू-रे प्लेअरवर ती चालत नाही. 4के डिस्कला रीजनची भानगड नाही, पण प्लेअर 4केचाच लागतो. सोनीच्या पीएस5 गेम कन्सोलला डिस्कचा खण असेल तर त्याच्यावर चालते, पीएस4 वर नाही.

रातपाळी

मी वयानं या धाग्यावर बहुधा सगळ्यात मोठा असेन. वडील गिरणीत, आणि पहिला पगार झाल्यापासून माझे निम्मे पैसे सिनेमात गेले. भागवत थेटरला रात्रीच्या शेवटच्या खेळाला बसणारे आमच्या वेळचे लोक अजून भेटतात.

माझं मत जरा वेगळं आहे. आमच्याकडे प्रिंट यायची तीच मुळी पुण्या-मुंबईत महिनोन्महिने घासून. पडद्यावर उभ्या रेघा, रीळ बदलताना उडी, आवाजात खरखर. भयपट बघताना त्या खरखरीची एक मदत व्हायची. काय दिसतंय याची खात्री नसायची, आणि खात्री नसणं हीच भीती. तुमच्या मित्राच्या घरी मीही होतो. चित्र सुंदर होतं यात वाद नाही. पण मृतांचा तो घोळका घराभोवती जमतो तेव्हा मला त्यांचे चेहरे इतके स्पष्ट दिसले की मी त्यांचा मेकअप बघत बसलो. डोळ्यांभोवतीचा काळा रंग कुठे संपतो तेही दिसत होतं. जुन्या कॉपीत ती नुसती आकृती होती, आणि मला ती आकृती जास्त भ्यायला लावायची.

रामसे बंधूंचे सिनेमे ज्यांनी थेटरात बघितलेत त्यांना हे कळेल. ते फार स्वच्छ करून दाखवले तर मुखवट्याची शिवण दिसेल.

तरी एक मान्य करतो. आवाज. मूळ मोनो आवाज त्यांनी न दाबता ठेवलाय. रातकिडे, बाहेर चाललेली पावलं, मधूनच रेडिओ. घरात कोणी बोलत नसतं तेव्हा बाहेर काहीतरी चालू आहे हे कानाला कळत राहतं. हे मला आधी कधीच मिळालं नव्हतं.

उभाआडवा

काका, मेकअपचं तुम्ही म्हणता ते मलाही जाणवलं. पण त्याच स्पष्टपणामुळे दुसरं काहीतरी दिसलं. ही गर्दी पिट्सबर्गच्या आसपासची साधी माणसं आहेत. कोणी रात्रीच्या झग्यात, कोणी कामाच्या कपड्यांत, कोणी सूट घातलेला. ज्या अवस्थेत मरण आलं तसेच उठून आलेत. एक म्हातारा आपल्या गल्लीतला वाटावा इतका ओळखीचा. मुखवटा घातलेला राक्षस असता तर तुमचं पटलं असतं, पण इथे शेजारीच अंगणात उभे आहेत, आणि ते शेजारी आहेत हे कळायला चेहरा दिसायलाच हवा.

शिवाय फिल्मचे कण त्यांनी पुसलेले नाहीत. काही कंपन्या जुने सिनेमे घासूनपुसून प्लॅस्टिकचे करतात, तसं इथे झालेलं नाही. भिंतीवर, आकाशात ते कण हलताना दिसतात.

शेंगापोळी

धागा वाचतेय, पण आता राहवत नाही म्हणून लिहिते. हा सिनेमा मी घरी बघितला, सासूबाईंबरोबर. त्यांना भुताखेतांचे सिनेमे फार आवडतात. इंग्रजी येत नाही. डिस्कला इंग्रजी सबटायटल्स आहेत, मराठी-हिंदी अर्थातच नाहीत, म्हणून मी बाजूला बसून सांगत होते.

अर्ध्या तासानंतर सांगायची गरज उरली नाही. बेन फळ्या ठोकतोय, सुरुवातीची ती बहीण बार्बरा सोफ्यावर सुन्न बसलीय, यात भाषेचं काय? अडलं ते रेडिओ-टीव्हीच्या प्रसंगांत. ते लांब आहेत आणि सगळी माहिती त्यातूनच येते. पण तिथे सासूबाईंनी जे पकडलं ते मला सुचलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "हे सगळे टीव्हीला विचारतायत काय करू, आणि टीव्हीवाल्यालाच माहीत नाही." खरंच, आधी सांगतात घरातच थांबा, मग सांगतात मदत केंद्रावर जा. टीव्हीवर मुलाखती घेणारा तो बातमीदार खराखुरा पिट्सबर्गच्या टीव्हीवरचा माणूस होता, बिल कार्डिल. म्हणून ते इतकं खरं वाटतं. चांगल्या प्रिंटमध्ये घरातल्या टीव्हीचा छोटा पडदा नीट वाचता येतो. आम्ही दोघींनी तो भाग पुन्हा लावून बघितला.

आता आईवर्गासाठी कळकळीनं एक सांगते. तळघरातल्या आजारी मुलीचा प्रसंग मुलांना दाखवू नका. कृष्णधवल आहे, जुना आहे, काय होतंय असं समजून लावू नका. अमेरिकेतही नेमकं हेच झालं होतं. सिनेमा 1 ऑक्टोबर 1968 ला पिट्सबर्गमध्ये लागला आणि तिथली वयानुसार प्रमाणपत्रं 1 नोव्हेंबरपासून सुरू झाली. मधल्या काळात आणि नंतरही दुपारच्या खेळांना लहान मुलं सर्रास बसली. समीक्षक रॉजर ईबर्टनं त्या थेटरातल्या रडणाऱ्या मुलांबद्दल लिहून ठेवलंय. माझी मुलगी सातवीत आहे, तिला मी हा सिनेमा एवढ्यात दाखवणार नाही.

आणि मला स्वतःला काय वाटलं? ते तळघर जुन्या कॉपीत मला नुसता काळा पडदा वाटलं होतं. यावेळी खुरपी दिसली, भिंतीवर हलणारी सावली दिसली. मी मान वळवली. भयपट बघून मी असं कधी करत नाही.

हुडहुडी

+1 शेंगापोळीताई. खुरपीचा प्रसंग. बास.

लहानपडदा

होटगी रोडला राहतो, मित्रांबरोबर शॉर्ट फिल्म करतो. हा धागा माझ्यासाठी फार कामाचा आहे.

मी डिस्क बघितली ती शिकायला. यांच्याकडे काय होतं? जाहिराती आणि कारखान्यांच्या फिल्म करणारी छोटी कंपनी. रोमेरोनं लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमासाठीही फिल्म केल्या होत्या. दहा जणांनी प्रत्येकी 600 डॉलर घालून सुरुवात केली, म्हणून कंपनीचं नाव इमेज टेन. बाकीचे पैसे नंतर जमले. घर मिळालं ते पाडायला निघालेलं, त्यामुळे हवी तशी तोडफोड करता आली. रक्त म्हणजे बॉस्को नावाचं चॉकलेट सिरप, कृष्णधवलमध्ये ते रक्तच दिसतं. मृत लोक जे खातात ते चॉकलेटात माखलेलं भाजलेलं हॅम. दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन रोमेरोचंच. संगीतासाठी वेगळा संगीतकार नाही, तयार संगीताच्या संग्रहातून तुकडे निवडले. निर्मात्यांनीच भूमिका केल्या: सुरुवातीचा भाऊ म्हणजे रसेल स्ट्राइनर, तळघरातला बाप म्हणजे कार्ल हार्डमन.

हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. पण चांगल्या प्रिंटमध्ये प्रकाशयोजना दिसली तेव्हा खरा धडा मिळाला. दिवे मोजके आहेत, पण खालून, बाजूनं, असे लावलेत की घर अर्धं उजेडात अर्धं काळोखात. चेहरा आणि त्याची सावली दोन्ही चौकटीत बसवलीय. कॅमेरा तिरका धरलाय तिथे कारण आहे. पैसे नव्हते म्हणून काही सोडून दिलं असं मला कुठे दिसलं नाही. आमच्या फिल्ममध्ये आम्ही 'बजेट नाही' म्हणतो आणि ट्यूबलाइटखाली शूट करतो.

एक प्रश्न. यांचा हक्क एका ओळीमुळे गेला. आपल्याकडे शॉर्ट फिल्मवर ती ओळ टाकली नाही तर काय होतं?

प्रिंटशोधक

लहानपडदा, भारतात काम तयार झालं की हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, ती ओळही सक्तीची नाही. तरी नाव, साल आणि ती ओळ शेवटी टाकाच, कोणाचं काम आहे हे बघणाऱ्याला कळतं. आणि मित्रांमध्ये हक्क कोणाकडे, हे कागदावर लिहून सह्या करा. भांडणं तिथे होतात.

हक्कापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मूळ सामग्री. हा सिनेमा आज असा दिसतो कारण मूळ निगेटिव्ह त्याच लोकांनी जपून ठेवलं होतं. सगळं जग फुकट कॉप्या विकत होतं, यांच्या हाती फारसे पैसे आले नाहीत, तरी डबे फेकले नाहीत. आपल्याकडे काय झालं ते पुण्यात राहिल्यामुळे मला ठाऊक आहे. जानेवारी 2003 मध्ये फिल्म संग्रहालयाच्या ताब्यातल्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि प्रभातच्या काळातली कितीतरी रिळं गेली. नायट्रेट फिल्म पेट घेते ती विझवता येत नाही. जे जळालं त्याची उत्तम डिस्क कोणीही काढू शकणार नाही.

तुमच्या फिल्मचा मास्टर दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. यूट्यूबवर चढवलेली फाइल म्हणजे मास्टर नव्हे.

रातपाळी

यावर मनापासून सहमत. आपल्या जिल्ह्यात सिनेमाची ताकद आहे हे जेऊरच्या नागराज मंजुळेंनी सगळ्या महाराष्ट्राला दाखवलंय. जी पोरं आता मोबाइलवर शूट करतायत त्यांनी आपलं काम जपायची सवय आजपासून लावावी.

बाळीवेस

मी काल पुन्हा बघितलो. नेटवर त्यातल्या त्यात चांगली कॉपी शोधून, टीव्हीवर, लाइट बंद करून. मागचा माणूस दिसला. भारी हाय ते.

पण मला मधला भाग लांबतोय असंच वाटलं. तळघरात जायचं का वर थांबायचं, यावर किती भांडतात. आणि माझं स्पष्ट मत, तळघरातला बाप कूपर बरोबर होता. माणूस खडूस हाय, बायकोशी नीट बोलत नाही, पण तळघराला एकच दार, आतनं अडसर. वर तर सगळीकडनं खिडक्या. लोक बेनच्या बाजूनं का बोलूलालेत कळत नाही. तो हिरो हाय म्हणून?

शेंगापोळी

तळघरात बाहेर पडायला वाट नाही ना. बेन तेच म्हणतो. दार तुटलं की संपलं.

बाळीवेस

ताई, शेवट बघा की मग. (शेवट फुटतोय, न बघितलेल्यांनी पुढचं वाचू नका.) रात्र कोण काढतं आणि कुठे? बेनच, आणि तळघरात.

उभाआडवा

(शेवट फुटतोय. हा प्रतिसाद पूर्ण सोडून दिलात तरी चालेल.)

बाळीवेस, मुद्दा बिनतोड आहे, आणि मला वाटतं रोमेरोला तेच हवं होतं. ज्याच्या बाजूनं आपण आहोत त्याचाही निर्णय चुकलेला. दोघं एकत्र आले असते तर कुठल्याही मजल्यावर टिकले असते. बंदुकीवरून जी झटापट होते तिथेच घर पडतं, बाहेरचे नंतर आत येतात.

पण मला बोलायचंय ते सकाळबद्दल. बेन तळघरातून वर येतो, खिडकीशी जातो आणि बाहेरचे बंदूकवाले त्याला मृतांपैकी एक समजून गोळी घालतात. बेनचं काम करणारा ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय. पटकथेत बेनचा वर्ण लिहिलेला नव्हता, सगळ्यांत चांगली चाचणी त्यानं दिली म्हणून त्याला घेतलं, असं रोमेरो कायम सांगायचा. प्रिंट गाडीत घालून रोमेरो आणि रसेल स्ट्राइनर वितरक शोधायला न्यूयॉर्कला निघाले होते, तेव्हा वाटेत रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्याची बातमी ऐकली. 4 एप्रिल 1968. सिनेमा आधीच पूर्ण झालेला होता. आनंदी शेवट करा असा सल्ला त्यांना मिळाला होता, तो त्यांनी मानला नाही.

त्यानंतर श्रेयनामावलीत स्थिर छायाचित्रं येतात. लोखंडी हूक हातात घेतलेली माणसं, बेनचं शरीर, लाकडांचा ढीग. वर्तमानपत्रात छापून येतात तशी भरड चित्रं. खराब कॉपीत सगळा सिनेमाच भरड असतो, त्यामुळे ही चित्रं वेगळी वाटतच नाहीत. मी इतकी वर्षं समजत होतो की शेवटी फिल्म संपली असेल, पैसे संपले असतील, म्हणून फोटो लावले. डिस्कवर दीड तास स्वच्छ, हलतं चित्र बघितल्यावर अचानक हे गोठलेले, भरड फोटो येतात आणि बेन माणूस होता तो एका क्षणात बातमी होतो. हा बदल ठरवून केलेला आहे. हे एक दृश्य नीट दिसावं यासाठी मी डिस्कचे पैसे पुन्हा देईन.

आमच्या हॉलमध्ये त्यानंतर दिवा लावायला कोणी उठलं नाही.

रातपाळी

(शेवटाबद्दलच.) एवढ्या एका मुद्द्यावर मी तुमच्या प्रिंटच्या बाजूनं मत देतो. मेकअपबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम.

हुडहुडी

रंगीत आवृत्ती पण दिसतेय ऑनलाइन. ती कशी आहे? घरच्यांना कृष्णधवल म्हटलं की उठून जातात.

प्रिंटशोधक

घेऊ नका. 1986 पासून वेगवेगळ्या लोकांनी तो रंगवलाय. वर लहानपडदानं प्रकाशयोजनेचं जे लिहिलंय ते सगळं रंगाखाली जातं. अजून एक टाळा: 1999 ला तिसाव्या वर्षानिमित्त काढलेली आवृत्ती. तिच्यात नव्यानं चित्रित केलेले प्रसंग आणि नवीन संगीत घुसवलंय. रोमेरोचा त्यात हात नव्हता. 'विशेष आवृत्ती' बघून लोक ती घेतात आणि मूळ सिनेमाला नावं ठेवतात. त्याच 1999 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत मूळ सिनेमाची निवड झाली, ती या भेसळीची नव्हे. कव्हरवर 96 मिनिटं, कृष्णधवल, 1.37:1 लिहिलंय का ते बघा.

हुडहुडी

बरं. आणि टीव्हीवर काही सेटिंग करायची का? माझा 43 इंची साधा 4के आहे. आमच्याकडे कुठलाही सिनेमा लावला की सगळं सीरियलसारखं गुळगुळीत दिसतं.

प्रिंटशोधक

त्याला कारण मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्ही स्वतःच मधली चित्रं घालून हालचाल गुळगुळीत करतो ते. मेनूत प्रत्येक कंपनीनं वेगळं नाव दिलंय, पण चित्राच्या सेटिंगमध्ये हालचालीसंबंधी जे काही असेल ते पूर्ण बंद करा. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. शार्पनेस अगदी खाली आणा, नाहीतर फिल्मच्या कणांना टीव्ही कडा काढत बसतो. नॉइज रिडक्शन बंद. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते तसेच राहू द्या, झूम करू नका.

शेंगापोळी

यात माझी भर. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात खिडक्या बंद करून, पडदे ओढून सिनेमा बघणं म्हणजे शिक्षा, म्हणून सगळे कूलर लावतात. कूलरच्या आवाजात या सिनेमाची शांतता पूर्ण जाते. काका म्हणाले ते रातकिडे, पावलं, काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आम्ही संध्याकाळपासून खोली गार करून ठेवली, दहानंतर कूलर बंद केला आणि मग सिनेमा लावला. एसी असेल तर प्रश्नच नाही. नाहीतर हेडफोन.

लहानपडदा

डिस्कच्या जोडीला जे बाकीचं साहित्य आहे ते कोणी बघितलं का? 'नाइट ऑफ अनुबिस' नावाची सुरुवातीची कामचलाऊ आवृत्ती आहे म्हणे. आणि 16 एमएमवरचे रोजच्या चित्रीकरणाचे तुकडे. आम्हाला सिनेमाइतकंच ते महत्त्वाचं.

उभाआडवा

आहे, पण ते संचातल्या ब्लू-रेवर आहे, म्हणजे रीजन एची अडचण. माझ्या प्लेअरवर चाललं नाही. 1994 साली रेकॉर्ड केलेली दोन समालोचनं (सिनेमा चालू असताना त्यावर बोललेलं) आहेत, त्यांत रोमेरो आणि बरेच कलाकार-तंत्रज्ञ बोलतात.

प्रिंटशोधक

माझा प्लेअर सगळ्या रीजनचा आहे. दिवाळीला सोलापूरला येईन तेव्हा घेऊन येतो. लहानपडदा, तुमच्या ग्रुपला एक दुपार मोकळी ठेवायला सांगा. आधी कामचलाऊ आवृत्ती, मग चित्रीकरणाचे तुकडे, मग समालोचन लावून सिनेमा, असं बघू.

लहानपडदा

नक्की. जागा आमच्याकडे, होटगी रोडला. पंधरा जण बसतात.

बाळीवेस

मी पण येतो. डिस्कवर पहिल्यांदा बघणार. तळघराच्या विषयावर उभाआडवाशी समोरासमोर बोलायचंय.

उभाआडवा

या. तोवर 4के डिस्क माझ्याकडे पडून राहण्यापेक्षा फिरू द्या. प्लेअर किंवा डिस्कच्या खणाचा पीएस5 ज्याच्याकडे आहे त्यानं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. आठवडाभर ठेवा, परत देताना इथे चार ओळी लिहा. पहिला नंबर हुडहुडीचा, पण त्यांच्याकडे प्लेअर नाही, त्यामुळे जुळे सोलापुरातलं कोणी त्यांना घरी बोलावणार असेल तर तेही कळवा.